हस्ताक्षराचा भास

लग्नपत्रिका, वास्तुशांतीचे निमंत्रण किंवा पर्युषणानंतरचे क्षमापनापत्र छापावयास दिले की मुद्रकाच्या संगणकावर अक्षरांचे अनेक नमुने समोर येतात. त्यांत काही सरळ व काटेकोर असतात, तर काही किंचित तिरके, सैल, कोणी सहज पेनने लिहून ठेवावेत असे. हे हस्ताक्षरी वळणाचे फॉन्ट पाहताच मनाला भावतात. छापील मजकुरामागे एक माणूस बसला आहे असा भास ते निर्माण करतात आणि हेच त्यांचे बळ आहे. मात्र हे बळ कोठे उपयोगी पडते आणि कोठे घात करते, याचा विवेक निवड करणाऱ्यानेच ठेवावयाचा असतो.

देवनागरीत असा फॉन्ट घडविणे सोपे नाही. इंग्रजीच्या वळणदार लिखाणात अक्षरे तळाशी एकमेकांना जोडली जातात; देवनागरीत ती शिरोरेषेखाली टांगलेली असतात. भराभर लिहिणारा माणूस ही रेषा तुटक देतो किंवा गाळतोच. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या रेखाटाव्या लागतात. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेला ‘कलम’ हा या प्रकारातील परिचित फॉन्ट होय. त्यातील देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी रेखाटली. हलका, मध्यम आणि ठळक अशा तीन रूपांत तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे.

भराभर लिहिण्याच्या वळणाला अक्षररूप देण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. मोडी हे त्याचेच जुने उदाहरण. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा आखून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जावयाचे, अशी तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने फारसा पाळला नाही, कारण तिला वेग हवा होता. याच लिपीचे शिशाचे खिळेही पाडले गेले. बंगालमधील श्रीरामपूर येथे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या नव्हे, विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी छापला गेला. परंतु छपाईत अखेर बाळबोध देवनागरीच टिकली. लिहिणाऱ्याची सोय पाहणारी लिपी वाचणाऱ्याला जड गेली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी सरकारी व्यवहारातूनही मागे पडली. आज अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील मोडी कागद असोत वा एखाद्या घरातील जुने खरेदीखत, ते वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

राजस्थानातून येऊन नगर जिल्ह्यात स्थिरावलेल्या व्यापारी घराण्यांना याचा आणखी एक दाखला ठाऊक असेल. जुन्या वह्यांतील महाजनी लिपीत काना-मात्रा बहुधा गाळल्या जात. त्यावरून एक विनोद पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. मुनीमजींनी कळविले, ‘काकाजी अजमेर गए’. घरच्यांनी वाचले, ‘काकाजी आज मर गए’, आणि घरात रडारड सुरू झाली. गोष्ट हसण्याची असली तरी तिच्यातला धडा गंभीर आहे.

हस्ताक्षरी फॉन्ट वापरताना तो ध्यानात ठेवावा. निमंत्रणातील स्नेहाची एक ओळ, भेटकार्डावरील शुभेच्छा, मुलांच्या गोष्टीतील संवाद, आकृतीशेजारची टीप किंवा पाककृतीचे शीर्षक येथे हे वळण शोभते, कारण तेथे माणूस माणसाशी बोलत असतो. मात्र त्याच पत्रिकेतील तारीख, वेळ, मंगल कार्यालयाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक साध्या, सुस्पष्ट अक्षरांतच असावेत. औषधाचे प्रमाण, हिशेब व सूचनाफलक यांनाही हाच नियम लागू होतो. संपूर्ण पान तिरक्या अक्षरांत भरले की डोळा थकतो, आणि पहिला बळी जातो तो घरातील वडीलधाऱ्यांच्या वाचनाचा. छापण्यापूर्वी नमुन्याची प्रत सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावी. चष्म्याशी झगडावे न लागता ती वाचली गेली तर निवड योग्य समजावी.

आणखी एक गोष्ट उरते. हाताने लिहिताना एकच ‘क’ दोनदा सारखा उमटत नाही. फॉन्टमधला ‘क’ बहुधा हजार वेळा तोच असतो. तो हस्ताक्षरासारखा दिसतो, पण कोणाचेही हस्ताक्षर नसतो. क्षमापनापत्रावर ‘मिच्छामि दुक्कडम्’ ही अक्षरे या वळणात सुंदर दिसतात खरी. तथापि ज्याला वर्षभरात खरोखर दुखावले, त्याला ती शंभर जणांना गेलेल्या पत्राप्रमाणेच पोहोचतात. अशा दोन-चार पत्रांवर तरी छापील मजकुराखाली थोडी कोरी जागा राखावी आणि त्या व्यक्तीचे नाव घालून दोन ओळी स्वतःच्या पेनने लिहाव्यात. अक्षर वेडेवाकडे आले तरी हरकत नाही. घेणारा ते ओळखतो.