गांजाचं औषध पहिल्यांदाच घेताय? मग ‘मायक्रोडोसिंग’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या

२०१४ साल. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात गांजाची दुकानं नुकतीच कायदेशीर झाली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभलेखिका मॉरीन डाऊड डेन्व्हरला गेल्या आणि हॉटेलच्या खोलीत त्यांनी गांजा घातलेली चॉकलेट कॅन्डी थोडीशी खाऊन बघितली. काहीच झालं नाही, म्हणून अजून थोडी खाल्ली. मग जे सुरू झालं ते तब्बल आठ तास चाललं. भीती, थरथर, भ्रम, सगळंच. नंतर त्यांना कळलं की नवख्या माणसाने त्या कॅन्डीचे १६ तुकडे करून त्यातला एकच खायचा असतो. वेष्टनावर मात्र तसं काही लिहिलेलं नव्हतं.

डाऊड पेशंट नव्हत्या. पण दुखण्यावर किंवा झोपेसाठी गांजाचं औषध पहिल्यांदा घेणारा पेशंटही नेमक्या याच ठिकाणी फसतो. म्हणून कॅनडा, इस्रायल, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत डॉक्टर नव्या पेशंटला अगदी थेंबभर डोसपासून सुरुवात करायला सांगतात. यालाच म्हणतात मायक्रोडोसिंग.

थेंबभर म्हणजे नेमकं किती?

गांजाच्या झाडातले दोन घटक इथे महत्त्वाचे. पहिला टीएचसी. नशा येते ती याच्यामुळे, पण मळमळ आणि वेदना कमी करण्याचं कामही बरंचसं हाच करतो. दुसरा सीबीडी. याची नशा येत नाही. मुलांमधल्या फिट्सच्या दोन दुर्मिळ आजारांवर सीबीडीचं ‘एपिडायोलेक्स’ हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं.

मायक्रोडोसचा ठरलेला सरकारी आकडा नाही. साधारणपणे १ ते २.५ मिलिग्रॅम टीएचसी असा त्याचा अर्थ घेतला जातो. तुलनेसाठी सांगायचं तर, कॅनडात खाण्याच्या पदार्थांच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं. म्हणजे एक पाकीट हे नव्या पेशंटसाठी चार ते दहा डोस झाले.

कमी डोस कशासाठी?

पॅरासिटामॉलची अर्धी गोळी घेतली तर गुण कमी येतो, हा आपला नेहमीचा अनुभव. टीएचसीचं गणित वेगळं आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत ते आराम देतं आणि पुढे गेलं की उलटं वागू लागतं.

शिकागोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४२ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर बोलण्याचा ताण ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांना कमी जाणवला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेले मात्र जास्तच अस्वस्थ झाले. फरक फक्त ५ मिलिग्रॅमचा.

२०१२ मध्ये कॅन्सरच्या ३६० पेशंटवर टीएचसी आणि सीबीडीच्या तोंडात मारायच्या स्प्रेची चाचणी झाली. दिवसाला १ ते ४ फवारे घेणाऱ्यांच्या वेदनेत फरक दिसला. ११ ते १६ फवाऱ्यांच्या गटाला तो फायदा दिसला नाही, साइड इफेक्ट्स मात्र वाढले. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तर या स्प्रेचा कॅन्सरच्या दुखण्यावर ठोस फायदा सिद्धच झाला नाही. म्हणजे डोस कमी असो वा जास्त, हे रामबाण औषध नाही.

मग डोस वाढवतात कसा?

जुनाट दुखण्यासाठी २० तज्ज्ञांनी एकमताने तयार केलेली पद्धत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या पेशंटसाठी त्यात सर्वात सावध मार्ग दिला आहे. दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅम सीबीडी इथून सुरुवात. टीएचसीची गरज पडलीच तर १ मिलिग्रॅम, आणि पुढची वाढही १-१ मिलिग्रॅमनेच, आठवड्यातून एकदा.

इतका धीर धरायचं कारण साधं आहे. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटात गेलेल्याचा कळायला एक ते तीन तास लागू शकतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून अर्ध्या तासाने दुसरा डोस घेणारा माणूस थोड्या वेळाने दोन्ही डोस एकदम झेलतो. म्हणूनच टीएचसीचा पहिला डोस बहुतेक वेळा रात्री झोपताना देतात. किती घेतलं, कधी घेतलं, काय वाटलं, हे पेशंटने वहीत लिहून ठेवायचं असतं. गुण आला की डोस तिथेच थांबतो.

यात गफलत कुठे होते?

‘मायक्रो’ म्हटलं की ‘सेफ’ असा अर्थ सोशल मीडियावर सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. घरात स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा इतिहास, हृदयविकार, गरोदरपण असेल तर टीएचसी टाळायलाच सांगतात. सीबीडीमुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. म्हाताऱ्या माणसांना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. आणि डोस घेऊन गाडी चालवणं तर नाहीच.

पुरावाही अजून तोकडा आहे. इस्रायलमध्ये अर्ध्या आणि १ मिलिग्रॅमच्या इनहेलरने वेदना कमी झाल्याचं २०२० मध्ये दिसलं, पण त्या चाचणीत पेशंट होते अवघे २७. वेदनेवर काम करणाऱ्या आयएएसपी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, दुखण्यासाठी सरसकट गांजाची औषधं वापरायला पाठिंबा देता येत नाही, असं स्पष्ट केलं.

भारतात काय?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांच्या भांगेसाठी प्रत्येक राज्याचे आपापले नियम आहेत. याच फटीतून आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांगेची तेलं आणि गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात. औषधांच्या नियमावलीत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि तिची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची आहेत, हे मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही.

परदेशातल्या मुलाने आईच्या गुडघ्यांसाठी तिकडून टीएचसीच्या गमीज आणणं, हाही इथे गुन्हा ठरू शकतो. तिकडे त्या दुकानात मिळतात, या सबबीचा इथे उपयोग नाही.

मायक्रोडोसिंगचा सगळा डोलारा उभा आहे तो मिलिग्रॅमवर. होळीच्या थंडाईत किती टीएचसी आहे हे घोटणाऱ्यालाही माहीत नसतं. तेलाच्या बाटलीवरही लिहिलेले मिलिग्रॅम अर्काचे आहेत की टीएचसीचे, हे बघावं लागतं. ते लेबलवर नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर बाटलीतला एक थेंब मायक्रोडोस आहे की डाऊड यांची कॅन्डी, हे घेतल्यावरच कळतं. त्यामुळे तेल मागवण्याआधी सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा, आणि त्या थेंबात टीएचसी किती हे विचारूनच पुढे जा.