मैदान सोडलेला आवाज

दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना सुरू असताना कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूमागे फिरतो. त्याच्या चौकटीत बावीसपैकी बारा-पंधरा खेळाडू मावतात. उरलेले चौकटीबाहेर असतात आणि सामन्याचा निकाल पुष्कळदा तेच ठरवत असतात. पलीकडच्या कडेला मोकळा उभा राहिलेला विंगर, हळूहळू दहा पावले पुढे सरकलेली बचावफळी, राखीव खेळाडूला उठवून काही समजावणारा प्रशिक्षक, मांडी दाबत चालणारा बचावपटू, यातले काहीच घरी बसलेल्याला दिसत नाही. ते सांगण्यासाठी समालोचक असतो. चेंडू कोणाकडे आहे हे प्रेक्षकाला त्याच्यावाचूनही कळते. फुटबॉलच्या समालोचनाचा दर्जा घसरला अशी तक्रार आता सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे. तिचे खापर सहसा समालोचकांच्या बडबडीवर, चुकीच्या उच्चारांवर, माजी खेळाडूंच्या ठरावीक वाक्यांवर फुटते. हे दोष आहेतच. पण मूळ दुखणे निराळे आहे. समालोचकाला मैदानातून उचलून स्टुडिओत बसवले आणि त्याच्यापुढे आपल्यासारखाच एक पडदा ठेवला. जेवढे आपल्याला दिसते तेवढेच त्यालाही दिसते. मग वेगळे सांगण्यासारखे त्याच्याजवळ उरणार काय?

22 जानेवारी 1927 रोजी लंडनच्या हायबरी मैदानातून आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांचा सामना बीबीसीने नभोवाणीवरून ऐकवला. माइकपुढे टेडी वेकलम होते. श्रोत्यांना खेळ डोळ्यांपुढे आणता यावा म्हणून ‘रेडिओ टाइम्स’ने मैदानाचा चौकोन पाडलेला आराखडा छापला होता आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे याचा आकडा वेकलम यांच्याजवळ बसलेला सहकारी पुकारत होता. नभोवाणीच्या समालोचकाचे काम असे होते: सगळे सांगायचे, कारण ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. दूरचित्रवाणीने ते ओझे उतरवले आणि त्याहून अवघड काम सोपवले. काय सांगायचे आणि काय सोडायचे, हे आता दर क्षणाला ठरवावे लागते. पहिल्या काही पिढ्यांना ते साधले, कारण त्यांची खुर्ची मैदानात होती.

मैदानातल्या डोळ्यांची किंमत किती, हे 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये दिसले. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, उपांत्यपूर्व सामना. 51 व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने चेंडू जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. अर्जेंटिनातल्या श्रोत्यांसाठी नभोवाणीवर बोलत होते मूळचे उरुग्वेचे व्हिक्टर ह्यूगो मोरालेस. त्यांनी गोलचा जल्लोष केला आणि त्याच दमात सांगितले की, आपल्या मते हा गोल हाताने झाला आहे. सगळा देश आनंदात असताना त्याच देशाच्या श्रोत्यांना हे ऐकवायला धैर्य लागते, आणि त्याआधी ते डोळ्यांनी टिपावे लागते. चारच मिनिटांनी मॅराडोना आपल्या अर्ध्या भागातून इंग्लंडच्या खेळाडूंना चुकवत निघाला, तेव्हा याच मोरालेस यांना रडू आवरले नाही. ते रडणे आजही ऐकले जाते. आज प्रत्येक साध्या गोलला घसा फोडणाऱ्यांनी मोरालेस यांचे रडणे तेवढे उचलले आहे. आधीची चार मिनिटे मात्र त्यांनी ऐकलेली नाहीत.

दुसरे उदाहरण 13 मे 2012 चे. मॅंचेस्टर सिटीला विजेतेपदासाठी क्वीन्स पार्क रेंजर्सवर विजय हवा होता. नव्वद मिनिटे संपली तेव्हा सिटी 1-2 ने मागे होती. भरपाई वेळेत झेकोने बरोबरी साधली. त्याच सुमारास संडरलंडमध्ये मॅंचेस्टर युनायटेडने आपला सामना जिंकला. समालोचक मार्टिन टायलर यांनी तेवढ्या घाईतही सांगितले की तिकडचा खेळ आटोपला आहे, युनायटेडला करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले आहे आणि सिटीची आशा अजून जिवंत आहे. एका गोलवर वर्षभराचा हिशेब येऊन ठेपला आहे, हे कोट्यवधी प्रेक्षकांना त्यामुळे नेमके कळले. काही सेकंदांत अग्वेरोने गोल केला. टायलर यांनी त्याचे नाव लांबवून उच्चारले आणि ते थांबले. पुढचे काम मैदानातल्या गर्जनेने केले. ती लांबवलेली हाक सर्वांच्या लक्षात राहिली. तिच्या आधीची माहिती आणि नंतरची शांतता यांच्यामुळे ती हाक मोठी झाली, हे आजच्या निर्मात्यांच्या ध्यानात येत नाही.

पडद्याकडे पाहून समालोचन करण्याची पद्धत जुनी आहे. दूरदेशीच्या सामन्यांसाठी तिला पर्याय नसे. पण ती अपवाद होती. 2020 च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत थांबलेली जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ इतर स्पर्धाही आल्या, तेव्हा अपवादाचा नियम झाला. समालोचक स्टुडिओत, काही जण तर घरात, आणि प्रेक्षकांचा गोंगाटही ध्वनिमुद्रित. आपल्याकडे 2020-21 ची संपूर्ण इंडियन सुपर लीग गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर बंद दाराआड झाली. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. साथ ओसरल्यावर मैदाने भरली, पण अनेक वाहिन्यांनी समालोचकांना परत पाठवले नाही. प्रवास, मुक्काम, मैदानातली तांत्रिक सोय यांवरचा खर्च वाचतो आणि एकाच जोडीकडून अधिक सामने करून घेता येतात, हे एव्हाना कळले होते. प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी प्रचंड रकमा मोजणाऱ्या वाहिन्यांना काटकसर करायला नेमका समालोचकच सापडावा, ही खेदाची गोष्ट आहे. इंग्लंडच्या मोठ्या सामन्यांचे इंग्रजी समालोचन आजही बहुधा मैदानातून होते. भारतीय भाषांच्या वाट्याला मात्र स्टुडिओच येतो.

याने नुकसान काय होते, ते 18 डिसेंबर 2022 च्या विश्वचषक अंतिम सामन्यावरून पाहता येईल. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी एरवी उजवीकडे खेळणाऱ्या दि मारियाला डावीकडे उतरवले. फ्रान्सचा कूंदे हा खरे तर मधल्या बचावफळीतला खेळाडू, त्या स्पर्धेत तो उजव्या बगलेवर खेळत होता, आणि त्याच्या पुढच्या देंबेलेला मागे येऊन बचाव करण्याची फारशी सवय नव्हती. स्कालोनींनी हात घातला तो याच सांध्यावर. देंबेलेच्याच चुकीवर दि मारियाने पेनल्टी मिळवली. 36 व्या मिनिटाला मेस्सी, आल्वारेझ, मॅक ॲलिस्टर अशा क्रमाने चेंडू आला आणि दुसरा गोल दि मारियाने केला. 41 व्या मिनिटाला फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी देंबेले आणि जिरू दोघांनाही बाहेर काढले. मध्यंतरापूर्वी, दुखापत नसताना, दोन खेळाडू बदलणे ही प्रशिक्षकाने दिलेली जाहीर कबुलीच होती. पूर्वार्धाचे सगळे नाट्य या डाव्या कडेला होते. मेस्सीच्या तेव्हा शेवटच्या मानल्या गेलेल्या विश्वचषकाची कहाणी मोठी होती, यात शंका नाही. पण ती सांगता सांगता दि मारिया तिथे मोकळा का सापडतो आहे, हे राहून गेले तर प्रेक्षकाने सामना पाहिला, त्याला तो कळला नाही. ही मांडणी पाहायला मैदानाची पूर्ण लांबी-रुंदी डोळ्यांपुढे असावी लागते. नंतर दाखवलेल्या पुनर्दृश्यांतून तिचे तुकडे हाती येतात, तोवर वेळ गेलेली असते.

नियमांच्या बाबतीतली अवस्था आणखी चिंताजनक आहे. 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ सहायक पंच आले आणि खेळात एक नवाच रिकामा वेळ निर्माण झाला. पंच कानाला हात लावून उभे असतात, मैदान थांबलेले असते, प्रेक्षकाला काय तपासले जाते आहे ते कळत नाही. नियम समजावून सांगण्याची याहून चांगली संधी समालोचकाला मिळणार नाही. हाताला चेंडू लागण्याचा नियम 2019 मध्ये कडक झाला: गोल करणाऱ्याच्या किंवा त्याआधी त्याच्या सहकाऱ्याच्या हाताला चेंडू नकळत लागला, तरी गोल रद्द. 2021 मध्ये तो बदलला आणि सहकाऱ्याच्या हाताला नकळत लागलेला चेंडू गुन्हा राहिला नाही. गोल करणाऱ्यापुरताच तो उरला. हे दोन वाक्यांत सांगता येते. त्याऐवजी ‘काय नाट्य आहे’, ‘श्वास रोखून धरा’ असे शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतात, आणि निर्णय आला की पंचांवर संशय घेतला जातो. नियम न समजलेल्या प्रेक्षकाचा राग शेवटी गावच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पोरसवदा पंचावर निघतो. त्या रागाला समालोचकाचे अज्ञानही जबाबदार आहे.

आधी लिहून आणलेल्या वाक्यांविषयीही बोलले पाहिजे. 10 एप्रिल 2018 रोजी पहिला सामना 1-4 ने हरलेल्या रोमाने बार्सिलोनाला 3-0 ने घरी पाठवले, तेव्हा समालोचक पीटर ड्ररी यांनी रोम शहर, त्याचे अवशेष आणि गोल करणारा ग्रीक मानोलास यांची सांगड घालून जे शब्द वापरले, ते त्या रात्रीला शोभले. ड्ररी यांच्याकडे भाषा आहे आणि प्रसंगाची जाणही आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांकडे यातले दुसरे नसते. मोबाइलवर वीस सेकंदांची चित्रफीत फिरावी म्हणून दर आठवड्याला, दर गोलला महाकाव्य रचले जाते, आणि तोवर चेंडू पुन्हा खेळात आलेला असतो.

भारतीय भाषांत हे काम उत्तम होऊ शकते, याचे पुरावे जुने आहेत. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून अजय बसू, पुष्पेन सरकार आणि कमल भट्टाचार्य यांनी मोहन बागान-ईस्ट बंगालचे सामने घराघरांत पोहोचवले. केरळात शैजू दामोदरन यांनी मल्याळम समालोचनाला स्वतःचा ताल दिला. 2022 चा विश्वचषक मोबाइलवर दिसला तो इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली समालोचनासह. मराठी त्यात नव्हती. मराठीत खेळाचे धावते वर्णन होत नाही असे म्हणण्याची तर सोयच नाही. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणले आणि क्षेत्ररक्षणाच्या जागांपासून फटक्यांपर्यंत सारे मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. त्याहून जवळचा दाखला कुस्तीच्या फडातला आहे. तिथला निवेदक आखाड्याच्या कडेला उभा असतो. पैलवान कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, मागच्या जत्रेत तो कोणाकडून चीतपट झाला, हे त्याला पाठ असते. घिस्सा बसतो आहे की ढाक लागते आहे, हे तो पकड होताच ओळखतो आणि लढत अटीतटीला आली की गप्प राहतो. समालोचनाचे सगळे शिक्षण त्यात आले.

कोल्हापुरात तर फुटबॉल तालमींचाच आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावे घेऊन संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठाच्या पेठा पाहायला लोटतात. 17 वर्षांखालील विश्वचषकात 2017 मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. या शहराला आणि फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसून पिढ्यान् पिढ्या खेळ पाहिलेल्या गोव्याला समालोचनातली पोकळी लगेच कळते. तिथल्या प्रेक्षकाला आरडाओरडा करून फसवता येत नाही. मराठी आणि कोंकणी समालोचक घडवायचे तर ते या पायऱ्यांवरूनच निवडावे लागतील. खेळलेली, पंचगिरी केलेली, स्थानिक सामन्यांचे निवेदन केलेली माणसे तिथे आहेत. चित्रपटातले संवाद पाठ असणे ही पात्रता नव्हे.

2026 पासून विश्वचषक 48 संघांचा आणि 104 सामन्यांचा झाला आहे. केप वर्दे, कुरासाव, जॉर्डन, उझबेकिस्तान हे देश त्यासाठी पहिल्यांदाच पात्र ठरले. या संघांची माणसे कोण, ती कुठल्या लीगमध्ये खेळतात, त्यांचा खेळ कसा, हे सांगणारा आवाज हवा. मेस्सी आणि रोनाल्डो यांची नावे तिथे पुरणार नाहीत. वाहिन्यांनी निदान देशातल्या स्पर्धांना समालोचक मैदानात पाठवावेत. परदेशातले सामने स्टुडिओतूनच करणे भाग असेल, तर समालोचकाला संपूर्ण मैदान दाखवणाऱ्या उंचावरच्या कॅमेऱ्याचे वेगळे चित्र मिळावे. मोठ्या स्पर्धांत असे चित्र उपलब्ध असते. समालोचन कुठून होते आहे, हे प्रक्षेपणाच्या सुरुवातीला पडद्यावर लिहावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंचांसाठी घेतली जाणारी नियमांची शिबिरे समालोचकांसाठीही खुली करावीत. प्रसार भारतीकडे आकाशवाणीचा अनुभव आणि केंद्रे दोन्ही आहेत. महाराष्ट्र आणि गोव्याच्या संतोष करंडकातल्या सामन्यांपासून तिला सुरुवात करता येईल. आणि हे सारे होईपर्यंत एक गोष्ट उद्याही शक्य आहे. मैदानातला मूळ आवाज प्रक्षेपणात समालोचनापासून वेगळा येतच असतो. भाषांच्या यादीत तो एक पर्याय म्हणून प्रेक्षकाला उघडा करून द्यावा.