कोच बदलला, खेळाडू तेच! ऑफिसात एआय आणतानाही हेच विसरलं जातं

युर्गन क्लॉप यांनी २०२४ मध्ये लिव्हरपूल सोडलं, तेव्हा हा संघ आता विस्कटणार असंच अनेकांना वाटलं होतं. नवे कोच आर्ने स्लॉट यांना त्या मोसमासाठी नवा खेळाडू मिळाला एकच, फेडेरिको किएसा. स्लॉट यांनी हाताशी कोण आहे ते आधी पाहिलं. चेंडूवर ताबा थोडा जास्त, घाई थोडी कमी, एवढाच फेरफार. एप्रिल २०२५ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद त्यांचंच!

त्याच मोसमात मँचेस्टर युनायटेडने एरिक टेन हाग यांना काढलं. नोव्हेंबरमध्ये आलेल्या रुबेन अमोरिम यांनी मोसम सुरू असतानाच तीन सेंटर-बॅकची पद्धत लावली. खेळाडू घेतले होते वेगळ्याच पद्धतीसाठी. टेन हाग गेले तेव्हाही संघ १४वा होता हे खरं, पण शेवटी तो १५वा आला.

कंपन्यांचंही असंच होतं. माझ्या पहिल्या नोकरीत नवं सॉफ्टवेअर आलं, ट्रेनिंग मात्र एका दुपारचं. सहा महिने आम्ही त्यात एंट्री करायचो आणि खरा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचो. साहेब खूश, कंपनी डिजिटल झाली!

फुजीफिल्मने उलट केलं. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मचा धंदा बसला, तेव्हा फिल्म बनवताना कमावलेलं कोलॅजनचं ज्ञान त्यांनी स्किनकेअर क्रीममध्ये वापरलं.

तुमच्या ऑफिसात ‘एआय येतंय’ असा मेल आला, तर लायसन्स किती घेतली हे नंतर विचारा. आज ते काम कोण आणि कसं करतं, हे कुणी येऊन पाहिलंय का?