चष्मा किती ग्रॅमचा, एवढंच विचारू नका

परवा एका प्रदर्शनात ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा लावून बघितला. रिकाम्या टेबलावर, हातभर अंतरावर मोटरचे सुटे भाग तरंगत होते. भारीच वाटलं. दहा मिनिटांत डोळे जड झाले, आणि मांजर्लीला घरी पोचेपर्यंत डोकं धरलं.

कारण साधं आहे. दोन डोळ्यांना थोडी वेगवेगळी चित्रं दाखवली की खोली भासते. वस्तू जवळ भासली की बुबुळं नाकाकडे वळतात. पण बहुतेक चष्म्यांत चित्राचा फोकस एकाच अंतरावर पक्का असतो; मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये तो सुमारे २ मीटरवर आहे. बुबुळं सांगतात हातभर, डोळ्यातलं भिंग सांगतं २ मीटर. या ओढाताणीत डोळे थकतात.

उपाय आहेत. २०१८ च्या मॅजिक लीप वनमध्ये फोकसची दोन अंतरं होती. पण त्यासाठी काचेचे थर वाढतात, चष्मा जाड आणि महाग होतो. आणि जाहिरात होते ती वजनाची. २०२० मध्ये जिओ ग्लास आला तेव्हा चर्चा ७५ ग्रॅमचीच झाली.

उद्या आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या पोरांना मशीनचं काम शिकवायला सरकारी पैशातून असे चष्मे घेतले जातील. २ मीटरवरचं मशीन बघायला ते चालतीलही. पण हातातलं काम शिकवायचं असेल तर निविदेतच दोन प्रश्न हवेत: फोकस किती अंतरावर? सलग किती मिनिटं लावायचा?

उत्तर लेखी घ्या. चष्मा बदलून मिळेल, पोरांचे डोळे नाही.