विज्ञान प्रदर्शन की पालकांच्या खिशाचं प्रदर्शन?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची तारीख कळली की स्टेशनरीच्या दुकानात गर्दी सुरू. ‘सातवीसाठी काय आहे?’ विचारलं की दुकानदार ज्वालामुखी काढतो, नाहीतर सिरिंजवर चालणारा जेसीबी. मग घरी बाबा वायरी जोडतात, आई रंग देते आणि पोरगं रात्री उशिरापर्यंत माहिती पाठ करतं. ‘प्रदूषणमुक्त गाव’ तर हमखास थर्माकोलचं! सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्येच बंदी आली, पण बक्षीस मात्र त्यालाच.

याला प्रकल्प म्हणायचं? ही तर खरेदी झाली.

गाडी सुरुवातीलाच चुकते. ‘कोणतं मॉडेल करू?’ हे विचारायचंच नसतं. ‘मला काय कळत नाहीये?’ इथून सुरुवात करायची असते. १९२१ मध्ये बोटीच्या प्रवासात सी. व्ही. रामन यांना समुद्राच्या निळ्या रंगाने विचारात पाडलं. त्या विचाराचा माग काढत ते १९२८ मध्ये रामन परिणामापर्यंत पोहोचले. आपण मात्र २८ फेब्रुवारीला त्यांच्या फोटोला हार घालतो आणि पोरांच्या हातात तयार मॉडेल देतो.

‘खर्च कोण करणार?’ म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघरात जावं. मटकी कोमट पाण्यात भिजवली तर लवकर मोड येतात का? दोन वाट्या घ्या, प्रत्येकीत मोजून ५० दाणे. एकीत कोमट पाणी, दुसरीत साधं. बाकी सगळं सारखं: मटकी एकाच पुडीतली, भिजवायचा वेळ तोच, बांधायचं फडकं तसंच, ठेवायची जागा तीच. दर सहा तासांनी मोड आलेले दाणे मोजा, वहीत लिहा. असं तीन वेळा करा. फरक पडलाच नाही, तर तेही उत्तरच आहे. खोडरबर लावायचा नाही!

एवढी वही घेऊन एखादी मुलगी प्रदर्शनात आली, तर आज ती लुकलुकत्या दिव्यांच्या स्मार्ट सिटीपुढे हरते. माझा राग याच्यावर आहे. कारण हरताना ती एवढंच शिकते की विज्ञान पैसेवाल्यांचं असतं.

शिक्षकांवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. त्यांच्यामागे निवडणुकीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत ढीगभर कामं आहेत, त्यात सूचना येते आठ दिवस आधी. म्हणून मागणी साधी आहे. प्रकल्पाची वही जूनमध्येच सुरू करा. परीक्षकांनी मॉडेलकडे बघण्याआधी वही मागावी आणि निम्मे गुण तिलाच द्यावेत. विकतचं मॉडेल असेल तर प्रवेशच नको.

आणि पालकहो, यंदा फेविकॉल खाली ठेवा. पोराला एकदाच विचारा, ‘तुला काय जाणून घ्यायचंय?’ उत्तर यायला चार दिवस लागले तरी थांबा.

पटलं तर शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.