राज्याचे गुन्हे, राज्याच्या शिक्षा

भारतात एखादे कृत्य गुन्हा ठरवण्याचा अधिकार संसदेला आहे, तसाच राज्य विधिमंडळालाही आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे पहिले दोन विषय येतात. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, मद्य, जुगार हे राज्य सूचीतले विषय. त्यांवरील कायद्यांचा भंग दंडनीय करण्याची मुभा राज्याला आहे. समवर्ती विषयात केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद टिकवायची असेल, तर अनुच्छेद 254(2) नुसार राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्रात दारूबंदीचा 1949 चा कायदा, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा ‘मकोका’, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आणि 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हे या अधिकाराचे ठळक आविष्कार. त्यांच्याविषयी तीन मते वारंवार मांडली जातात. तिन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले मत असे की, केंद्राची दंडसंहिता पुरेशी असताना राज्याचे वेगळे गुन्हे म्हणजे निव्वळ पुनरुक्ती. नरबळी हा खूनच आहे आणि भोंदूगिरी ही फसवणूकच, मग नवा कायदा कशाला, हा प्रश्न जादूटोणाविरोधी विधेयकाच्या विरोधकांनी अनेक वर्षे विचारला. पण खुनाचे कलम लागते ते माणूस मेल्यावर. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रोपचार करणे हा 2013 च्या कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे रुग्ण दगावण्याची वाट पाहावी लागत नाही. या कायद्यासाठी झगडणारे अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधेयक मंजूर झाले.

वाळीत टाकण्याची गोष्टही तशीच. गावकीने किंवा जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाशी बोलणेचालणे बंद केले, लग्नकार्यात, अंत्यविधीत मज्जाव केला, तर यात मारहाण नसते, चोरी नसते. जुन्या भारतीय दंड संहितेत या छळाला नेमके नाव नव्हते. ते राज्याने दिले. ‘मकोका’ने तर उलटा प्रवास घडवला. संघटित गुन्हेगारीची त्यातील संकल्पना 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये आली. केंद्राला जे 25 वर्षांनी सुचले ते राज्याने आधी केले होते. याला पुनरुक्ती म्हणता येत नाही.

दुसरे मत लोकप्रिय आहे: शिक्षा जितकी जबर, तितका गुन्ह्याला आळा. इटालियन विचारवंत बेकारिया याने 1764 मध्येच शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते असे प्रतिपादन केले. कायद्याची रचना नीट वाचली तरी हे पटते. जादूटोणाविरोधी कायद्यात किमान सहा महिने ते कमाल सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सामाजिक बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाही आणि गुन्हा जामीनपात्र आहे. नुसते आकडे पाहणाऱ्याला दुसरा कायदा लेचापेचा वाटेल. पण दोषारोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याचे उद्दिष्ट आणि दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देण्याची सोय त्यात आहे. वाळीत पडलेल्या कुटुंबाला आरोपीच्या कैदेच्या वर्षांपेक्षा लवकर निकाल अधिक मोलाचा असतो.

याउलट, डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या ‘शक्ती’ विधेयकात बलात्काराच्या काही प्रकारांसाठी देहदंडाची तरतूद होती. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. संमती मिळाली असती तरी एक प्रश्न उरलाच असता: बलात्कार आणि खून यांची शिक्षा एकच झाली, तर साक्षीदार असलेल्या पीडितेला जिवंत सोडण्याचे कारण गुन्हेगाराला कोणते उरते?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राज्याराज्यांत वेगळे गुन्हे झाले की समानता जाते आणि नागरिकांवर अन्याय होतो. नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातेत. एका बाजूला परवान्यावर चालणारी दारू दुसऱ्या बाजूला गुन्हा ठरते, आणि दोन्ही राज्यांच्या कायद्यांचे मूळ 1949 चा मुंबईचा कायदाच आहे. मात्र खुद्द महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. स्थानिक गरजेनुसार नियम बदलणे हा संघराज्याचा दोष नव्हे. खरा धोका अतिरेकाचा आहे, आणि त्यावर न्यायालयांचा अंकुश आहे. 1949 चा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायम ठेवली. पण परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरवणारे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे अशी दोन कलमे घटनाबाह्य ठरवली. ‘मकोका’ 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला.

‘मकोका’ कठोर आहे यात शंका नाही. मृत्यू घडवणाऱ्या संघटित गुन्ह्याला देहदंड किंवा जन्मठेप, इतर प्रकारांत किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि किमान पाच लाख रुपये दंड. पोलीस अधीक्षक वा वरच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य आहे, आणि हीच तरतूद सर्वांत वादग्रस्त. परंतु गुन्हा नोंदवण्यास उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता, न्यायालयाने दखल घेण्यास अपर महासंचालकांची मंजुरी, आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे ही अट त्याच कायद्यात आहे. कठोरता जितकी जास्त, तितकी कुंपणे उंच हवीत, हे तत्त्व विधिमंडळाने इथे मान्य केले.

यावरून राज्याच्या फौजदारी कायद्याच्या कसोट्या ठरतात. गुन्ह्याची व्याख्या इतकी नेमकी हवी की सामान्य माणसाला मर्यादा कळावी. शिक्षा हानीच्या प्रमाणात हवी. तपास, जामीन आणि निकालाची वाट कायद्यातच आखलेली हवी. घटनेच्या अनुच्छेद 20 नुसार, कृत्य घडले त्या वेळी ते गुन्हा नसेल तर शिक्षा करता येत नाही आणि त्या वेळच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षाही देता येत नाही. हे बंधन राज्याच्या कायद्यालाही लागू आहे. या कसोट्यांवर उतरणारा राज्याचा कायदा आवश्यक आहे. न उतरणारा कायदा, त्यात देहदंड लिहिलेला असला तरी, दुबळाच ठरतो.