रिफंडलाही तारीख हवी

आयकराच्या रिफंडला आपल्याकडे अजूनही ‘सरकारकडून मिळणारे पैसे’ असे म्हटले जाते. ही समजूत आधी सोडली पाहिजे. रिफंड म्हणजे अनुदान नव्हे की बक्षिसी नव्हे. देय करापेक्षा जास्त कापून घेतलेली ती आपलीच रक्कम आहे. रक्कम आपली, तर ती केव्हा परत मिळणार हे विचारण्याचा हक्कही आपलाच.

बडोद्यातील आपल्या जुन्या मराठी घरांना हा प्रश्न जवळचा आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसे, आणि आधार पेन्शनचा व मुदत ठेवींच्या व्याजाचा. समजा, अशा एका ज्येष्ठ नागरिकाला २०२४-२५ या आर्थिक वर्षात एका बँकेकडून ९०,००० रुपये व्याज मिळाले. त्या वर्षी ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा ५०,००० रुपये होती (१ एप्रिल २०२५ पासून ती एक लाख झाली). म्हणून १० टक्के दराने ९,००० रुपये कापले गेले. एकूण उत्पन्नावर कर मात्र शून्य. हे नऊ हजार परत मिळवायचे तर विवरणपत्र भरण्याखेरीज मार्ग नाही.

आता दोन्ही बाजूंच्या मुदती शेजारी ठेवून पाहा. त्या वर्षाचे विवरणपत्र उशिरा का होईना भरण्याची नागरिकाची अखेरची तारीख होती ३१ डिसेंबर २०२५. ती चुकली तर आयुक्तांकडे विलंबमाफीचा अर्ज करायचा. तोही १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत; पूर्वी ही मुदत सहा वर्षे होती. शिवाय अशा उशिराच्या रिफंडवर व्याज नाही. उलट, ज्याने जुलै २०२५ मध्येच वेळेवर विवरणपत्र भरले, त्याची छाननी पूर्ण करण्यास खात्याला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. म्हणजे सतरा महिने!

व्याजाचेही तसेच. आपल्याकडून आगाऊ कर कमी भरला गेला तर दरमहा एक टक्का. सरकारकडे आपले पैसे राहिले तर दरमहा अर्धा टक्का. म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याला ४५ रुपये. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेवढेही नाही. वर मिळालेले व्याज पुन्हा करपात्र. देणे आणि घेणे यांची मापे वेगळी असावीत, हे कोणत्या व्यवहारात बसते?

संगणकीकरणानंतर अनेकांचे रिफंड काही आठवड्यांत जमा होतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्याचा अडकतो, त्याने कोणत्या तारखेकडे बोट दाखवायचे? पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला बारा ते सतरा वर्षे रखडलेल्या रकमेबद्दल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली. परंतु २०१३ मध्ये गुजरात फ्लुओरो केमिकल्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्यात लिहिले आहे तेवढेच व्याज मागता येईल. म्हणजे बदल व्हायचा तर तो कायद्यातच व्हायला हवा.

आणि तसा बदल होऊ शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या आयकर विधेयकात मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याचा रिफंडचा हक्कच जाईल अशी तरतूद होती. त्यावर आवाज उठला, बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने जुलैमध्ये ती वगळण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. बोलणाऱ्याचे ऐकले जाते, ते असे.

आपली बाजूही मात्र चोख हवी. विवरणपत्र भरल्यापासून तीस दिवसांत त्याची पडताळणी केली नाही, तर ते वेळेवर भरलेले धरले जात नाही. रिफंडचे बँक खाते आधी प्रमाणित करून घ्यावे लागते. पॅनवर एक नाव आणि पासबुकात दुसरे, कुठे माहेरचे तर कुठे आडनाव आधी, हा आपल्या घरांतला नेहमीचा घोळ. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्या खातेदारांनी आपला आयएफएससी कोड बदललेला आहे का, हे पाहून घ्यावे. आणि ज्यांना कर लागतच नाही, त्यांनी वर्षाच्या आरंभीच प्रत्येक बँकेत तसा घोषणा-अर्ज द्यावा. आपण ज्याला ‘पंधरा-एच’ म्हणत आलो, तोच हा अर्ज. कापलेच नाही, तर मागावे लागणार नाही.

आपल्या मागण्या तीन असाव्यात. केवळ पेन्शन व व्याजावर जगणाऱ्या ज्येष्ठांचा रिफंड नव्वद दिवसांत मिळावा. त्यापुढच्या विलंबावर सरकारने आपल्याइतकेच, दरमहा एक टक्का व्याज द्यावे. रिफंड रोखला तर त्याचे कारण नागरिकाला समजेल अशा भाषेत कळवावे. मंडळाने हे निवेदन आपल्या खासदारांकडे न्यावे आणि सभासदांनी त्यावर सह्या कराव्यात. त्याआधी प्रत्येकाने आपल्या वाड्यातल्या, सोसायटीतल्या एका तरी वृद्ध शेजाऱ्याचे टीडीएसचे कागद तपासून द्यावेत. हक्काची भाषा तेव्हाच शोभते, जेव्हा आपले हिशोब चोख असतात.